लोकलचं तिकीट, ‘व्हाया’ आणि दादरचा पूल: मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

मुंबईत आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी घाटकोपरला मेट्रोच्या गेटवर लोकलचं तिकीट दाबून धरून उभी होते. तिकीट डोंबिवली ते अंधेरी. मेट्रोही अंधेरीलाच जाते. मग गेट का उघडत नाही, हे काही केल्या कळेना. मागे रांग तुंबली. शेवटी एका काकांनी वाकून तिकीट वाचलं आणि म्हणाले, “ताई, हे रेल्वेचं. मेट्रो वेगळी.” त्यांच्या आवाजात वैताग नव्हता, त्यामुळे जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

आम्हा परभणीकरांसाठी रेल्वे म्हणजे देवगिरी एक्स्प्रेस. तिकीट एक, गाडी एक, सकाळी डोळे उघडले की मुंबई. इथे मात्र घर ते ऑफिस या एका फेरीत शेअर रिक्षा, लोकल, पूल, दुसरी लोकल आणि बस असा पाच तुकड्यांचा प्रवास असतो. गाडीत बसल्यावर फारसं कोणी चुकत नाही, चुकतो तो दोन तुकड्यांच्या जोडावर. म्हणून हा लेख गाड्यांपेक्षा जोडांबद्दल जास्त आहे. उदाहरण म्हणून माझाच रस्ता घेते, डोंबिवली ते अंधेरी. तुमचा वेगळा असेल, पण अडचणी याच येतील.

आधी नकाशा, तोही अर्धाच

सगळा नकाशा पाठ करायला जाऊ नका. चार ओळी पुरतात. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून विरारला आणि पुढे डहाणू रोडपर्यंत. मध्य रेल्वे सीएसएमटीहून कल्याणला. तिथे फाटा फुटतो, एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जत-खोपोलीकडे. हार्बर सीएसएमटीहून निघते आणि वडाळा रोडला दुभंगते: एक फाटा कुर्ला, वाशी करत पनवेलला, दुसरा माहीम, वांद्रे करत अंधेरी-गोरेगावला. चौथी ट्रान्स-हार्बर, ठाण्याहून वाशी आणि पनवेलकडे. उरणला जाणाऱ्यांसाठी नेरूळ आणि बेलापूरहून वेगळी गाडी आहे. ती उरणपर्यंत जानेवारी 2024 पासून जाते.

आता या ओळी एकमेकींना भेटतात ती ठिकाणं मात्र पाठ करा. मध्य आणि पश्चिम भेटतात दादरला (शिवाय परळ आणि प्रभादेवी पुलाने जोडलेली आहेत). मध्य आणि हार्बर कुर्ल्याला. मध्य आणि ट्रान्स-हार्बर ठाण्याला. हार्बर आणि पश्चिम माहीम, वांद्रे, अंधेरी या पट्ट्यात. मध्य रेल्वे आणि मेट्रो घाटकोपरला, पश्चिम रेल्वे आणि मेट्रो अंधेरीला. एवढं डोक्यात असलं की मुंबईत कुठेही सोडलं तरी माणूस घरी येतो.

आणखी एक गोष्ट, जी इथे जन्मलेला माणूस सांगत नाही, कारण त्याला ती सांगण्यासारखी वाटतच नाही. पत्ता विचारताना “पूर्व की पश्चिम?” हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. रूळ गावाचे दोन भाग करतात. डोंबिवली पूर्वेला राहणारी मैत्रीण आणि डोंबिवली पश्चिमेला राहणारी मैत्रीण यांच्यात दोन मिनिटांचा पूल असतो आणि संध्याकाळी सातला तोच पंधरा मिनिटांचा होतो. चुकीच्या बाजूला उतरून रिक्षा केलीत तर रिक्षा तुम्हाला फाटकातून किंवा उड्डाणपुलावरून लांबचा वळसा घालून आणणार.

‘व्हाया’ म्हणजे काय

डोंबिवलीहून अंधेरीला जायचे माझ्यापुढे तीन रस्ते होते.

पहिला: फास्ट लोकलने दादर, पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, तिथून अंधेरी. दुसरा: कुर्ल्याला उतरून हार्बरने वडाळा रोड, तिथे पुन्हा गाडी बदलून अंधेरी. तिसरा: घाटकोपरला उतरून मेट्रो.

पहिले दोन रस्ते रेल्वेचे आहेत, आणि इथे रेल्वेची एक फार चांगली सोय आहे जी नव्या माणसाला माहीत नसते. मध्य, पश्चिम, हार्बर या वेगवेगळ्या रेल्वे असल्या तरी तिकीट एकच चालतं. डोंबिवली ते दादर एक आणि दादर ते अंधेरी दुसरं अशी दोन तिकिटं मी पहिल्या दिवशी काढली होती. गरज नव्हती. खिडकीवर “डोंबिवली–अंधेरी, व्हाया दादर” म्हणायचं, की झालं. एक तिकीट, पुलावर उतरून पुन्हा रांग नाही.

पण तिकिटावर जो व्हाया छापलेला असतो तोच रस्ता वैध. व्हाया दादरचं तिकीट घेऊन कुर्ल्याला उतरून वडाळ्याकडून अंधेरीला गेलात आणि वडाळ्याला टीसी भेटला, तर “शेवटी पोचायचं अंधेरीलाच आहे ना” हे तुमचं म्हणणं त्याला पटणार नाही. म्हणून पास काढण्याआधी एक आठवडा सुटी तिकिटं काढून दोन्ही रस्ते चालून बघा. मी बघितले. वडाळ्याचा रस्ता गर्दीला हलका आहे, पण दोनदा गाडी बदला आणि दोनदा वाट बघा. मी दादर धरलं. तुमच्या ऑफिसची वेळ उशिराची असेल तर कदाचित वडाळा परवडेल.

तिसरा रस्ता, मेट्रोचा, आरामात सगळ्यात वरचा आणि खिशाला सगळ्यात जड. त्यावर पुढे बोलू.

पास: खिडकीवर काय बोलायचं

खिडकीवर वाक्य तयार ठेवा. मागचा माणूस वाट बघत नसतो, तो ढकलत असतो. “डोंबिवली–अंधेरी, व्हाया दादर, सेकंड, मंथली.” बस. पहिल्यांदा काढताना फोटोचं ओळखपत्र करून घ्यावं लागतं, तेव्हा एक पासपोर्ट फोटो आणि आधार जवळ ठेवा. पासवर त्या ओळखपत्राचा नंबर असतो. पास आहे आणि ओळखपत्र घरी, अशी स्थिती असेल तर पास नसल्यातच जमा.

महिन्यात दहा-अकरा दिवस जाऊन-येऊन केलं की सेकंड क्लासचा मासिक पास वसूल होतो, हा सर्वसाधारण हिशोब. तिमाही पासला 2.7 महिन्यांचे, सहामाहीला 5.4 आणि वार्षिक पासला 10.8 महिन्यांचे पैसे लागतात. म्हणजे बचत आहे, पण फार मोठी नाही. पहिल्यांदा मासिकच काढा. मुंबईत नव्या माणसाची खोली पहिल्या तीन महिन्यांत किमान एकदा बदलते, हा माझा आणि माझ्या सगळ्या मैत्रिणींचा अनुभव.

सेकंड की फर्स्ट? फर्स्टची गर्दी सेकंडपेक्षा कमी असते, हा गैरसमज गर्दीच्या वेळी पहिल्याच दिवशी फिटतो. फर्स्टमध्ये गादी बरी असते, पण आधी बसायला मिळायला हवं. फर्स्टच्या पासावर सेकंडमध्ये बसता येतं, उलट चालत नाही. एसी लोकल 25 डिसेंबर 2017 ला पहिल्यांदा धावली. तिची दारं आपोआप बंद होतात आणि तिला वेगळं, महाग तिकीट लागतं. साध्या पासावर एसीत चढलात तर विनातिकीटच. विनातिकिटाचा दंड किमान 250 रुपये, वर भाडं वेगळं. सेकंडचं किमान तिकीट 5 रुपये आहे हे लक्षात घेतलं तर हा दंड किती मूर्खपणाचा ठरतो ते कळेल.

मोबाईलवर काढायचं असेल तर जुलै 2025 पासून रेल्वेचं ‘रेलवन’ ॲप आहे. जुने लोक अजून आधीच्या ॲपच्या नावाने ‘यूटीएस’च म्हणतात, गोंधळू नका. स्टेशनात शिरण्याआधी, बाहेरच्या रस्त्यावर असतानाच तिकीट काढा. रुळांच्या अगदी जवळ गेल्यावर ॲप तिकीट देत नाही, आणि ते जाणूनबुजून तसं केलेलं आहे, नाहीतर टीसी दिसल्यावर सगळ्यांनी तिकिटं काढली असती. फोनची बॅटरी संपली तर दाखवायला तिकीट नाही, म्हणजे तिकीटच नाही. मी अजून कागदी पासच वापरते, प्लॅस्टिकच्या कव्हरात, पर्सच्या एकाच कप्प्यात.

इंडिकेटर वाचणं

फलाटावर गेलात की आधी वर बघा. इंडिकेटरवर चार गोष्टी असतात: गाडी कुठे जाणार, वेळ, फास्ट की स्लो, आणि डबे किती (12 की 15). डबे बघायला विसरू नका. तुम्ही फलाटाच्या पार टोकाला उभ्या आणि गाडी 12 डब्यांची आली, तर शेवटचा डबा तुमच्यापासून बराच पुढे थांबतो आणि मग पळापळ.

फास्ट म्हणजे नुसती लवकर पोचणारी गाडी नव्हे, ती मधली स्टेशनं सोडून जाते. डोंबिवलीहून निघालेली फास्ट ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर घेते. मुलुंडला काही गाड्या थांबतात, काही नाही. तुम्हाला विक्रोळीला जायचं असेल आणि तुम्ही गर्दीत ढकलल्या जाऊन फास्टमध्ये शिरलात, तर विक्रोळी खिडकीतून दिसेल. त्यावर उपाय सोपा आहे: घाटकोपरला उतरा, स्लोने एक स्टेशन मागे या. घाबरून उडी मारू नका.

गाडीच्या कपाळावरच्या अक्षरांचीही एक गंमत आहे. कर्जतच्या गाडीवर इंग्रजी ‘एस’ असतो आणि कसाऱ्याच्या गाडीवर ‘एन’. म्हणजे एका फाट्याला दक्षिण, दुसऱ्याला उत्तर. मी कित्येक दिवस तो ‘एस’ म्हणजे ‘स्लो’ समजत होते.

कुठे उभं राहायचं ते खांबांवरच्या आणि छतावरच्या पट्ट्यांवरून कळतं. लाल-पिवळे तिरपे पट्टे फर्स्ट क्लासचे, हिरवे पट्टे लेडीज डब्याचे. लेडीजचे काही डबे चोवीस तास बायकांचे असतात, काही ठरावीक वेळेपुरतेच. डब्यावर लिहिलेलं असतं, वाचा. दिव्यांगांचा डबा वेगळा असतो, तिथे “जागा रिकामीच होती” हे कारण चालत नाही. पुरुषांनी घाईत लेडीजमध्ये चढू नये हे सांगायची गरज नाही, पण रोज कोणीतरी चढतंच, आणि पुढच्या स्टेशनापर्यंत त्याला जे ऐकून घ्यावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डब्याच्या आत

आत शिरल्यावर पहिलं काम: तुमचं स्टेशन कुठल्या बाजूला येणार ते विचारा. “दादर कुठल्या साइडला?” एवढंच. कोणीही सांगतं. स्लो आणि फास्टची बाजू वेगळी असू शकते, म्हणून कालचं उत्तर आज गृहीत धरू नका. आणि उतरायच्या दोन स्टेशनं आधीच दाराकडे सरकायला लागा. “उतरणार का?” असं पुढच्याला विचारत जायचं. तो “हो” म्हणाला तर त्याच्यामागे निमूट उभं राहा, “नाही” म्हणाला तर तो बाजूला होतो. ही सगळी बोली दोन शब्दांची आहे, पण तिच्याशिवाय दादरला उतरता येत नाही.

बसायचं असेल तर बसलेल्यांना “कुठे?” असं विचारतात. ती “ठाणे” म्हणाली की ठाण्यानंतर ती जागा तुमची, असा अलिखित करार. तीन जणींच्या बाकावर चौथी बसते. तिला अर्धीच जागा मिळते, पण ती नाकारणं असभ्यपणाचं समजलं जातं.

काही बायका सकाळी उलट्या दिशेने एक-दोन स्टेशनं जातात आणि तीच गाडी परत फिरल्यावर बसून येतात. याला ‘डाऊन मारणं’ म्हणतात. मी ठाण्याच्या मैत्रिणींना करताना बघितलंय. करायचंच असेल तर पास त्या स्टेशनापर्यंतचा हवा. ठाण्याचा पास घेऊन कल्याणला डाऊन मारणं म्हणजे ठाण्यापासून पुढे विनातिकीट प्रवास.

लांबच्या गाडीत जवळच्या माणसाने चढू नये, हाही अलिखित कायदा. विरार फास्टमध्ये बोरिवलीवाल्यांनी चढलं तर काय होतं याच्या कथा तुम्ही ऐकाल. मध्य रेल्वेवर कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत डोंबिवलीकराला तशीच वागणूक मिळते. त्यांचं म्हणणं मला पटतं. त्यांना पुढची गाडी तासाभराने असते, आपल्याला दहा मिनिटांनी.

दारात उभं राहू नका. हे सगळे सांगतात आणि सगळे उभे राहतात, म्हणून कारणासकट सांगते. 9 जून 2025 ला सकाळी दिवा आणि मुंब्र्याच्या मधल्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यात जीव गेले. मी रोज त्याच वळणावरून जाते. तिथे गाडी हळू होते, कलते, आणि समोरची गाडी हाताच्या अंतरावरून जाते आहे असं वाटतं. एक गाडी सोडली तर ऑफिसात हजेरीवर लाल शेरा पडतो, त्यापलीकडे काही होत नाही.

दादरचा पूल

दादरचं एक बरं झालं. पूर्वी मध्य रेल्वेचा फलाट 1 आणि पश्चिम रेल्वेचाही फलाट 1. “एक नंबरवर भेटू” म्हणून दोघी दोन टोकांना उभ्या. 9 डिसेंबर 2023 पासून आकडे सलग झाले: पश्चिमचे 1 ते 7, मध्यचे 8 ते 14. जुन्या लोकांच्या तोंडून जुने आकडे ऐकलेत तर विश्वास ठेवू नका, पाटी बघा.

बदलायची पद्धत अशी: गाडीतून उतरलात की लगेच जिन्याकडे, थांबून फोन काढायचा नाही. पुलावर गेल्यावर डावी बाजू धरून चाला. इंडिकेटर पुलावरही आहेत, ते चालता चालता वाचायचे आणि अंधेरी किंवा त्यापुढची गाडी ज्या फलाटावर असेल तिथला जिना उतरायचा. बोरिवली, विरार काहीही चालेल, फक्त ती अंधेरीला थांबते ना ते बघा. दोन-चार दिवसांत कळेल की गाडीचा कुठला डबा जिन्यासमोर येतो. मग तोच डबा कायमचा तुमचा.

पुलावर मध्येच थांबू नका, पाऊस असला तरी. 29 सप्टेंबर 2017 ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर, पावसामुळे खाली उतरायला थांबलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसं गेली. त्या स्टेशनचं नाव आता प्रभादेवी. गर्दी पुलावर तुंबलेली दिसली तर फलाटावरच पाच मिनिटं बाकावर बसा.

मेट्रो आणि बस: एक ॲप, भाडी मात्र वेगळी

घाटकोपर–अंधेरी–वर्सोवा ही मुंबईची पहिली मेट्रो, जून 2014 मध्ये सुरू झाली. भाडं 10 ते 40 रुपये. माझ्या रस्त्यात ती दादरचा सगळा वळसा वाचवते. पण लोकलचा पास घाटकोपरपर्यंतचा वेगळा आणि मेट्रोचं भाडं वेगळं. महिन्याचा हिशोब मांडला तर लोकलचा पास मेट्रोच्या भाड्यापुढे किरकोळ ठरतो. म्हणून मी एक वाट काढली आहे: पास व्हाया दादरचाच ठेवते, आणि पाऊस, उशीर किंवा पाठदुखी असेल त्या दिवशी घाटकोपरला उतरून मेट्रोचं सुटं तिकीट काढते. घाटकोपर दादरच्या आधीच येतं, त्यामुळे पास तिथपर्यंत चालतोच.

मेट्रोच्या इतर ओळींशी जोड असे आहेत: पश्चिम द्रुतगती मार्ग स्टेशनवरून पादचारी पुलाने गुंदवली (दहिसरकडे जाणारी 7 नंबरची ओळ), डी. एन. नगरवरून अंधेरी पश्चिम (2अ), मरोळ नाक्यावरून भुयारी 3 नंबर. ही भुयारी ओळ आरे ते कफ परेड 33.5 किलोमीटर आहे, ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण उघडली, आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल तिच्यावर आहेत. सामान घेऊन विमानतळावर जायचं असेल तर लोकलचा विचारही करू नका.

ऑक्टोबर 2025 मध्येच ‘मुंबई वन’ नावाचं ॲप आलं. लोकल, मेट्रो, बेस्ट, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवलीच्या बस अशा 11 सेवांची तिकिटं त्यात एका ठिकाणी मिळतात. रांग वाचते, सुटे पैसे वाचतात. मात्र ज्याला खरोखर एकच तिकीट म्हणता येईल, म्हणजे लोकलने आलं म्हणून बस स्वस्त, तसं काही मनात धरू नका. प्रत्येकाचं भाडं त्यात आपापलं लागतं. मेट्रोला आणि बेस्टला एनसीएमसी, म्हणजे आधी पैसे भरून ठिकठिकाणी वापरायचं प्रवासाचं कार्डही चालतं. बेस्टचं किमान भाडं मे 2025 पासून साध्या बसला 10 आणि एसी बसला 12 रुपये. स्टेशनपासून दोन-तीन किलोमीटरसाठी मी आधी बस बघते, मग शेअर रिक्षा, आणि एकटीसाठी मीटरची रिक्षा महिनाअखेरीला तर नाहीच.

रविवार

रविवारी कुठे जायचं असेल तर शनिवारी रात्री ‘मेगाब्लॉक’ शोधा. रुळांची आणि तारांची कामं रविवारी दिवसा करतात, साधारण अकरा ते चार. फास्ट गाड्या स्लोच्या रुळांवरून जातात, काही स्टेशनं गाळली जातात, हार्बर तर कधी कधी मधल्या टप्प्यात बंदच असते. मुलाखत, परीक्षा, साखरपुडा असं काही असेल तर तासभर जास्तीचा धरा.

तारीख

पास संपायची तारीख फोनमध्ये गजर लावून ठेवा, एक दिवस आधीचा. माझा पहिला पास एका रविवारी संपला. रविवार घरात गेला, सोमवारी नेहमीसारखी निघाले, दादरला पुलाखाली टीसीने हात पुढे केला. मी ऐटीत कव्हर उघडून दाखवलं. त्यांनी पास हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि मलाच वाचायला दिला. दंडाची ती पावती अजून त्याच कव्हरात, पासच्या मागे आहे.